खाड्या मोजा, किलोमीटर नकोत

कोपरखैरण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. जागेसाठी थोडं आखडतं घेतलं आहे, शब्द त्यांचेच.

"ताई, मी सत्तेचाळीस वर्षांची. पतपेढीत नोकरी करते. गेली तीन वर्षं आम्ही चौघी दर रविवारी पहाटे सायकली घेऊन पामबीचला जातो. चाळीस किलोमीटर सहज होतात. आता आमच्यातल्या एकीने बेत काढला आहे की डिसेंबरात समुद्राच्या कडेकडेने थेट गोवा. रजा सहाच दिवस, म्हणजे रोज जवळजवळ शंभर. बाकीच्या हो म्हणाल्या, मीही म्हणाले. पण तेव्हापासून झोप लागत नाही. मागे एकदा बेलापूरला पारसिकच्या टेकडीवर गेलो, तर मी सगळ्यांत मागे. त्या तिघी पंधरा मिनिटं वर उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी सायकल सात वर्षं जुनी हायब्रिड. दुकानात म्हणाले, ही टूरला चालायची नाही, नव्वद हजारांची घ्या. यजमान म्हणतात, चार बायका एकट्या कुठे निघाल्या. सासूबाईंचं वय झालंय, त्यांचं औषधपाणी माझ्याकडे असतं. जाऊ का? की माझ्यामुळे तिघींचा खोळंबा होण्यापेक्षा आत्ताच नाही म्हणून मोकळी होऊ?"

ताई, जा. फक्त गोव्याला जाऊ नका आणि रोजचे शंभरही धरू नका.

मी ठाण्याची. हा किनारा सायकलवरून चार वेळा केला आहे, पहिल्यांदा बेचाळिसाव्या वर्षी आणि शेवटचा छप्पन्न सरल्यावर. तुमच्या मैत्रिणीने केला तोच हिशेब आम्ही पहिल्या खेपेला केला होता. नकाशा पसरला, बोटाने किनारा धरला, एकूण आकडा काढला आणि रजेच्या दिवसांनी भागला. कोकणात हा भागाकार चुकतो. पामबीच खाडीकाठच्या सपाट जमिनीवरून जातो, तिथे चाळीस म्हणजे चाळीस. कोकणातली गावं खाली खाडीच्या आणि पुळणीच्या काठाला, आणि दोन गावांच्या मधे वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. गाव आलं की उताराने खाली यायचं, गाव सोडलं की पुन्हा शे-दीडशे मीटर वर चढायचं. दिवसातून असं चार-पाच वेळा झालं की पायात गोळे येतात. समुद्राच्या कडेने जाताना आपण डोंगर चढतो आहोत हे पहिल्या दिवशी कुणाच्या ध्यानात येत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र चांगलंच कळतं.

म्हणून या वाटेवर खाड्या मोजायच्या. तुमच्या घरापासून गुहागरपर्यंत मोठ्या अशा धरमतरची खाडी, मग रेवदंड्याची कुंडलिका, राजपुरीची खाडी, सावित्री, केळशीची भारजा, आंजर्ल्याची जोग आणि दाभोळची वाशिष्ठी. त्यांतल्या चार तुम्हाला बोटीनेच ओलांडायच्या आहेत. करंजा ते रेवस, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे. प्रत्येक बोटीला थांबावं लागतं. तो वेळ वाया गेला असं मानू नका. या सहलीतली निम्मी विश्रांती जेटीवरच मिळते. रेवस ते रेड्डी या सागरी मार्गाची चर्चा बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून चालू आहे. सगळे पूल उभे राहिले की गाड्या सुसाट जातील. तोवर तरी हा रस्ता सायकलवाल्यांच्या चालीने चालतो.

सहा दिवसांत गुहागर गाठायचं आणि चिपळूणहून रेल्वेने परत यायचं, एवढाच बेत ठेवा. तेवढ्यात अंग शाबूत राहतं आणि डोळेही उघडे राहतात.

पहिला दिवस सपाट असला तरी मला काळजी त्याच दिवसाची. पामबीच संपला की आम्रमार्गाने खाडीपूल ओलांडून उलव्याकडे आणि पुढे जासईवरून उरण. या पट्ट्यात बंदराचे कंटेनर ट्रेलर असतात. ट्रेलर शेजारून जाताना आधी वारा ढकलतो आणि शेपूट गेलं की आत ओढतो. अशा वेळी हँडल घट्ट आवळू नका. कोपर सैल ठेवा, नजर समोर ठेवा आणि रस्त्याची कड सोडू नका. वळणावर ट्रेलरच्या डाव्या अंगाला चुकूनही शिरू नका, चालकाला तिथली सायकल दिसत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. रविवारी पहाटे साडेपाचला निघालात तर निदान शहरातली वर्दळ तरी टळते. एवढंही नको वाटलं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट जाते, तिच्यात सायकल चढवता येते. अटल सेतूचा विचार करू नका, तिथे दुचाकीलाही बंदी आहे, सायकलचं तर सोडाच.

करंज्याला पोचायला तुम्हाला पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास पडतील. तिथून लाँच. ओहोटी लागली की रेवसच्या बाजूला गाळामुळे ही लाँच खोळंबते, म्हणून निघण्याचा दिवस पंचांग बघून ठरवा. कोळीवाड्यात विचारलंत तर तिथल्या बायका तिथीवरून भरती सांगतील. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. तुम्ही करंज्याला पोचणार दहा-साडेदहाला, म्हणजे अष्टमी-नवमी तुमच्या उपयोगाची नाही. द्वादशी ते प्रतिपदेच्या मधला रविवार शोधा, तेव्हा सकाळी पाणी भरलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी चढतंही जास्त. धक्क्यावर खलाशी सायकल आत घेताना त्याला आधीच सांगा की दांडीला धरून उचल. नाहीतर मागचा गिअर हातात येईल तिथे धरला जातो आणि त्याची पट्टी वाकते. आमच्यातल्या एकाची अशीच वाकली आणि अलिबागपर्यंत त्याला दोनच गिअरवर यावं लागलं.

रेवस ते अलिबाग पंचवीसेक किलोमीटर, मुक्काम नागावला करा. नारळी-पोफळीच्या वाडीत घरगुती सोय मिळते आणि रविवारी संध्याकाळी पर्यटक परतलेले असतात, त्यामुळे भावही वाजवी लागतो. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दमायला होत नाही. कोर्लईला थोडा वेळ थांबून गावात चहा घ्या. तिथले काही लोक आपसात पोर्तुगीजातून तयार झालेली त्यांची स्वतःची बोली बोलतात, ते ऐकण्यासारखं आहे. मुरूडला लवकर पोचाल, लवकर झोपा.

तिसऱ्या दिवसासाठी ही सगळी यातायात करायची. सकाळी आगरदांड्याहून बोटीने दिघी, तिथून दिवेआगर, आणि दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धन. सायकलवरून जाण्यासारखा याहून सुंदर रस्ता मी महाराष्ट्रात पाहिलेला नाही. डोंगराच्या पायथ्याला अगदी कड कापून काढलेला रस्ता, आणि उजव्या हाताला काळ्या खडकांवर पाणी आपटतंय. आठवड्याच्या मधल्या दिवशी पंधरा-पंधरा मिनिटं एक गाडी येत नाही. चेनचा आवाज आणि लाटेचा आवाज, तिसरा नाही. शेखाडीच्या अलीकडे आम्ही सायकली कठड्याला टेकवून तासभर बसलो होतो. कुणी कुणाशी बोललं नाही. शंभर किलोमीटर गाठायचे असते तर त्या कठड्याशी थांबायचं मनातसुद्धा आलं नसतं.

वाटेतल्या वाड्यांकडेही लक्ष द्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या पोफळीच्या बागा उभ्याच्या उभ्या आडव्या झाल्या. सुपारी लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. वादळानंतर सात महिन्यांनी मी तिथून गेले तेव्हा ज्यांच्याकडे उतरले त्या वहिनींनी मागच्या दारी नेऊन पडलेली खोडं दाखवली, आणि त्यांच्या मधे ओळीने लावलेली वीतभर रोपंही. शेवटच्या खेपेला ती माझ्या डोक्याच्या वर गेली होती. अशा घरांत उतरा, जेवा, दोन पैसे जास्त द्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी घरच्यांसाठी घ्या, वजनाला काही नसते.

चौथा दिवस अंतराने लहान आणि दमछाक करण्यात सगळ्यांत मोठा. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, बागमांडल्याची बोट, सावित्री ओलांडून वेसवी. इथे रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. रस्ताही लगेच बदलतो, वळणं आखूड आणि चढ उभे. केळशीला किंवा आंजर्ल्याला मुक्काम करा, त्यापुढे जाण्याचा आग्रह धरू नका. पाचव्या दिवशी हर्णै, मुरूड-कर्दे (हे दापोलीकडचं दुसरं मुरूड), मग दाभोळला उतरणारा लांब उतार. त्या उताराला ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. बोटीने धोपावे आणि गुहागर. सहाव्या दिवशी गुहागर ते चिपळूण चव्वेचाळीसेक किलोमीटर आणि संध्याकाळची गाडी. रेल्वेत सायकल सामानाच्या डब्यातून जाते, ती पार्सल खिडकीवर आधी नोंदवावी लागते आणि मधल्या स्टेशनावर गाडी थांबते जेमतेम. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी कुणालातरी चिपळूणला चौकशी करायला सांगा. चौघींनी मिळून सायकलींसाठी एक लहान टेम्पो ठरवला तर डोक्याला ताप राहत नाही. मी आता तेच करते.

आता तुमच्या पत्रातल्या खऱ्या प्रश्नाकडे येते. सायकलीचा, सासूबाईंचा, यजमानांचा प्रश्न आहेच. पण तुमची झोप उडाली ती त्या पंधरा मिनिटांनी.

पहिल्या खेपेला आम्ही पाच जण होतो. धोपाव्याच्या जेटीवर उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जेटीपासूनच चढ लागतो. वर सडा, वाळलेलं पिवळं गवत, सावलीला झाड नाही. मी मागे पडले. पहिल्या वळणावर चौघं थांबलेले दिसले. मी जवळ पोचले तसे म्हणाले, "आली, आली, चला," आणि पायडलवर पाय ठेवून निघाले. दुसऱ्या वळणावर तसंच. तिसऱ्या वळणावरही तसंच. त्यांना प्रत्येक वेळी दहा मिनिटं विश्रांती मिळत होती आणि मला एकदाही नाही. चौथ्या ठिकाणी मी सायकल टाकून चिऱ्यांच्या ढिगावर बसले. बाटलीचं झाकण उघडेना, इतके हात थरथरत होते. चौघंही जिवाभावाचे. कुणाच्या मनात काही नव्हतं. आपण मागच्याला थांबून घेतो म्हणजे त्याची काळजी घेतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्या संध्याकाळी गुहागरला आम्ही एक नियम केला आणि तो आजतागायत मोडलेला नाही. शेवटची व्यक्ती पोचली की घड्याळ सुरू होतं. तिथून दहा मिनिटं कुणी हलायचं नाही, आणि "निघूया" हा शब्द शेवटून आलेल्यानेच उच्चारायचा. सपाटीवर सगळ्यांत हळू असेल ती पुढे, म्हणजे तिची चाल ती सगळ्यांची चाल. चढावर मात्र ज्याने त्याने आपापल्या दमाने जायचं, दुसऱ्याच्या चालीने चढ चढला की छाती भरून येते. आणि सामाईक सामान, म्हणजे पंप, पाने, औषधं, सुकामेवा, हे चढाला दणकट असणाऱ्यांनी वाहायचं. उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. फार उभ्या चढाला चालवणारी आणि ढकलणारी यांच्यात वेगाचा फरक नावालाच असतो.

हिशेबही करून बघा. चढाला तुम्ही तिघींच्या मागे पंधरा मिनिटं. दिवसात असे चार मोठे चढ धरले तर तास झाला. डिसेंबरात उजेड असतो अकरा तास. पन्नास किलोमीटरच्या दिवसात तो तास सहज बसतो, कुणाला जाणवतही नाही. शंभरच्या दिवसात तो कुठेच बसत नाही, मग कुणीतरी चिडतं आणि कुणीतरी मनातल्या मनात कुढतं. तेव्हा ताई, अडचण तुमच्या वेगाची नाही, त्या शंभरच्या आकड्याची आहे.

हे तिघींना सांगा, पण व्हॉट्सॲपवर लिहून नको. पुढच्या रविवारी चहाच्या टपरीवर, तोंडाने. "मी चढाला हळू आहे. मला यायचंय. गुहागरपर्यंत गेलो तर मी आनंदाने येईन, गोव्याचं ठरलं तर येणार नाही." एवढंच. बाकीच्या दोघींपैकी निदान एकीचा जीव भांड्यात पडेल अशी माझी खात्री आहे. रोज शंभरच्या बेताला हो म्हणणाऱ्या चौघींत मनातून घाबरलेली एकटी तुम्हीच असाल, हे मला पटत नाही.

नव्वद हजार घालवू नका. तुमच्या सायकलीची पुढची सगळ्यांत लहान चकती आणि मागची सगळ्यांत मोठी चकती, दोन्हींचे दाते मोजा. मागचे दाते पुढच्याइतके किंवा त्याहून जास्त असतील तर ही सायकल कोकण चढेल. कमी असतील तर मागचा दात्यांचा संच बदलून मोठा बसवा. तो बसेल ना, मागचा गिअर तेवढा ओढेल ना, हे मिस्त्रीला आधी विचारा. खर्च नव्या सायकलीच्या पासंगालाही पुरणार नाही. टायर मात्र सात वर्षांचे असतील तर दोन्ही बदला, बत्तीस ते अडतीस मिलिमीटर रुंदीचे घ्या. ब्रेकच्या गुट्ट्या नव्या. मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे हेलकावा, काढून आरे तपासून घ्या, कारण ओझं सगळं मागच्या चाकावर येतं आणि आरा तुटला तर तिथलाच तुटतो. मिस्त्रीला हे सगळं सहलीच्या तीन आठवडे आधी करायला सांगा, आदल्या दिवशी नको. नवी केबल ताणली जाते, ती पुन्हा घट्ट करावी लागते.

सामान पाठीवर घेऊ नका. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी मान आखडते. मागे कॅरिअर बसवा आणि दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या. दोन्ही बाजूंचं वजन सारखं, जड वस्तू तळाशी. सायकलचे कपडे दोन जोड, संध्याकाळचा एक, पुरे. रोज रात्री धुऊन वाळत टाकायचे. प्रत्येकीकडे दोन ट्यूब हव्यातच, पंक्चर काढता आलं पाहिजे आणि ते घरी हॉलमध्ये बसून दोनदा करून पाहिलेलं असलं पाहिजे. खाऱ्या हवेत चेन एका रात्रीत तांबूस होते. मुक्कामाला पोचलं की आंघोळीच्या आधी जुन्या फडक्याने चेन पुसायची आणि तेलाचा हात फिरवायचा. ओहोटीच्या घट्ट वाळूवरून सायकल चालवायचा मोह दिवेआगरला होईल. चालवा, दहा मिनिटं चालवा, पण मग गोड्या पाण्याने धुवा.

बायका एकमेकींत बोलतात पण लिहीत नाहीत, तेही सांगते. गादीच्या सायकल चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते आणि जखम होते. मांड्यांना आणि बैठकीला सकाळीच व्हॅसलिन. मुक्कामाला पोचलात की ती चड्डी तासभर अंगावर ठेवून गप्पा मारत बसू नका, लगेच बदला. पाळीची तारीख मधे येत असेल तर बेत बदलायचं कारण नाही, पण त्या दिवसाचं अंतर कमी धरा आणि मैत्रिणींना सांगून ठेवा. आडोसा मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिण्याची सवय आपल्याला असते. ती इथे अंगाशी येईल. देऊळ, शाळा, एसटी स्टँड, कुठल्याही घरचं अंगण, विचारलंत तर कोकणात बाईला कुणी नाही म्हणत नाही. दर तासाला अर्धा लिटर पाणी, आणि दिवसातून दोनदा मीठ घातलेलं कोकम सरबत. दुपारच्या जेवणात भाताचा डोंगर टाळा, त्यानंतर चढ लागला तर पावलं उचलत नाहीत.

दिवसाची आखणी वाऱ्यावर करा. थंडीत सकाळी मतलई वारे जमिनीकडून सुटतात, हवा गार असते. उजाडलं की निघायचं आणि अकराच्या आत दिवसाचं मोठं काम उरकायचं. दुपारी सावलीत. तीन-साडेतीननंतर खारे वारे जोर धरतात आणि ते बहुतेक वायव्येकडून येतात, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर. उरलेले पंधरा किलोमीटर तो वारा तुम्हाला ढकलत नेईल. गुहागरकडून मुंबईकडे येणाऱ्याला तोच वारा तोंडावर बसतो, म्हणून ही सहल नेहमी उत्तरेकडून दक्षिणेला. डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्या. नाताळच्या आठवड्यात रस्ते आणि खोल्या दोन्ही भरलेल्या असतात.

तयारीला तुमच्याकडे अडीच महिने आहेत. पामबीच आता महिन्यातून एकदाच. बाकीचे रविवार पारसिकची टेकडी, एकदा चढून परत नाही, तीन वेळा चढून-उतरून. एक रविवार ठाण्याला या, उपवनवरून येऊर चढू. आणि नोव्हेंबरात एका शनिवार-रविवारी पूर्ण सामानानिशी करंजा-रेवसवरून अलिबागला जाऊन मुक्काम करून परत या. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या अंगाने सायकलवर बसणं कसं असतं ते त्या एका फेरीत कळतं. जास्तीचं काय आणलं तेही कळतं. मी पहिल्या तालमीनंतर पॅनियरमधून दोन किलो सामान काढलं होतं.

ती फेरी घरासाठीही तालीमच समजा. यजमानांची काळजी खोटी नाही, तिला उत्तर द्या. चौघी मिळून जाणाऱ्या बायका एकट्या नसतात हे त्यांना सांगाच, पण त्याबरोबर मुक्कामांची नावं आणि फोन लिहिलेला कागद फ्रिजवर लावा, आणि प्रत्येक जेटीवरून एक फोन करण्याचं कबूल करा. दिवसभर फोन चालू ठेवण्याचं कबूल करू नका. सड्यावर आणि खाडीच्या पोटात रेंज जाते आणि माणसं घरी उगाच हवालदिल होतात. सासूबाईंच्या गोळ्या वारांच्या डबीत भरून ठेवा आणि नोव्हेंबरातल्या त्या दोन दिवसांत त्या यजमानांनाच द्यायला सांगा. दोन दिवस नीट निभावले की सहाही निभावतील. सासूबाईंना मात्र तुम्ही स्वतः सांगा, त्यांच्याशेजारी बसून, कुठे कुठे जाणार ते गावांच्या नावांनिशी. माझ्या सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या हरिहरेश्वरच्या नावाला थांबल्या. लहानपणी आईबरोबर तिथे गेल्या होत्या. मला म्हणाल्या, प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकात पायऱ्या आहेत, ओहोटी बघूनच उतर.

माझ्याकडे पॅनियरची एक जोडी आहे, पावसाचं आवरण आणि कॅरिअरचे हुक असलेली, आणि डिसेंबरभर ती रिकामी आहे. विकत घेऊ नका. सदराच्या पत्त्यावर कळवा आणि येऊरला याल त्या रविवारी घेऊन जा.